मुलीचा मामा सीसीमध्ये

आमच्या शेजारचे अव्वल कारकून निवृत्त झाले आणि त्यांना ईमेलचा पत्ता मिळाला. नोकरीत असतानाही कचेरीला पत्ता होताच, पण त्याला हात लावायचा अधिकार फक्त कंत्राटी ऑपरेटरला होता. ऑपरेटर आलेली मेल छापायचा, हे तिच्यावर आवकचा शिक्का मारून क्रमांक टाकायचे, आणि तिथून पुढे ती मेल चारचौघा कागदांसारखी फायलीत राहायला जायची. कागदाला अलीकडे तारेतून यायची सवय लागली आहे, एवढंच ईमेलबद्दल त्यांचं मत होतं.

माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. त्यामुळे जे जे लिहिलेलं आहे ते ते मला समजतं, असा गल्लीचा समज आहे. औषधाच्या बाटलीवरचं, विजेच्या बिलामागचं आणि आता लॅपटॉपवरचं. कारकुनांच्या मुलीने पुण्याहून येताना आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला, पत्ता उघडून दिला आणि ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब लॅपटॉप फायलीसारखा काखेत मारून आमच्या ओट्यावर हजर. त्यांना सगळी गल्ली भाऊसाहेब म्हणते. ते मला सर म्हणतात. कारकुनाला भाऊसाहेब आणि ग्रंथपालाला सर म्हटल्याने कोणाचंच काही जात नाही.

"सर, हा काय प्रकार आहे?" त्यांनी पत्त्याच्या मधोमध बोट ठेवलं. "हे शेपटी गुंडाळून बसलेलं."

"मुक्काम," मी म्हणालो.

"म्हणजे मुक्काम पोस्टातला मुक्काम?"

"तोच. आधी माणसाचं नाव, मग मुक्काम, पुढे पोस्ट."

"अन् तालुका, जिल्हा?"

"ते डॉट कॉम."

त्यांनी विचार केला. "म्हणजे समद्यांचा जिल्हा एकच?"

"बहुतेकांचा."

"मंग मुख्यालय कुठं?"

मी म्हणालो, बहुधा अमेरिकेत. त्यावर ते म्हणाले, "तिथं रेल्वे असंल." आमचं बुलढाणा जिल्ह्याचं मुख्यालय असूनही तिथे रेल्वे नाही, त्यामुळे बुलढाण्याच्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही मुख्यालयाबद्दल पहिली शंका हीच येते.

पत्त्यात त्यांच्या नावापुढे मुलीने एक आकडा टाकला होता, तो त्यांना खटकत होता. मी सांगितलं, की त्याच नावाचा दुसरा कुणीतरी आधी येऊन बसला आहे, म्हणून आकडा. "म्हणजे तो माह्या आधी रुजू झाला," ते म्हणाले. ज्येष्ठता त्यांना लगेच कळते. आकड्याऐवजी हुद्दा टाकता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल, पण पत्ता वाचता वाचता पोस्टमन निवृत्त होईल, असं मी सांगितल्यावर त्यांनी तो नाद सोडला. हुद्दा मग पत्राच्या तळाशी गेला. तिथे तो आपोआप उमटायची सोय असते, असं कळल्यावर त्यांना पहिल्यांदाच या यंत्राबद्दल आदर वाटला. त्यानंतर त्यांनी कुणाला 'हो' एवढंच लिहून पाठवलं तरी त्याखाली चार ओळी हुद्दा असायचा.

ईमेल शिकायची घाई होती ती लग्नामुळे. त्यांच्या मुलीचं लग्न देऊळगाव राजाच्या घरात ठरलं होतं. व्याह्यांचं कापडाचं दुकान. मोठे हौशी गृहस्थ. साखरपुड्यात त्यांनी भाऊसाहेबांना आपलं कार्ड दिलं आणि कार्डावर ईमेलचा पत्ता होता. ज्याच्या कार्डावर ईमेल आहे त्याला नुसता फोन करणं भाऊसाहेबांना कमीपणाचं वाटू लागलं. मोबाईलवर ग्रुप आहेतच, तिथे टाका की, असं मी सुचवलं. "ग्रुपवर लग्न कळवणं म्हणजे चावडीच्या भिंतीले नोटीस डकवणं," ते म्हणाले.

शिकवणी पुढे सरकली. इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक, हे त्यांनी न सांगता ओळखलं. एका कंपनीच्या मेलखाली 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' असं लिहिलेलं असताना त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, कारण उत्तर नको म्हणणं ही त्यांच्या मते त्या माणसाची नम्रता होती. मसुद्यांच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. व्याह्यांना लिहिलेलं पहिलंच पत्र त्यांनी ड्राफ्टमध्ये ठेवलं आणि आठवडाभर वाट पाहिली. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, मसुदा ठेवून लई दिवस झाले, पण अजून मान्यता आली नाही."

"मान्यता कोण देणार?"

"तेच तर इचारतो. वर कोण आहे?"

वर कोणी नाही, तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच पाठवायचं, हे ऐकून ते थोडे हबकले. उभ्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या सहीने काही पाठवलं नव्हतं. सही नेहमी साहेबांची. आता साहेब नाही, नुसतं एक निळं बटण.

मग सीसी आलं. मी सांगितलं, कार्बन कॉपी. हे ऐकताच त्यांचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला. "कार्बन! हे तर आपलंच आहे." टाईपरायटरवर कागद, कार्बन, कागद, कार्बन असा थर लावून चार प्रती काढायच्या, पहिली स्पष्ट आणि चौथी धुरकट, आणि ती चौथी कुणाला जाते यावरून त्या माणसाची किंमत कळायची, हे सगळं त्यांनी मला रंगवून सांगितलं. ग्रंथालयात आम्ही चौथ्या प्रतीचे धनी होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे काय होणार हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांनी घरी बसून, कुणालाही न विचारता, लग्नाचं पहिलं अधिकृत पत्र पाठवलं. ते मी नंतर वाचलं. ते असं होतं: विषय, माझ्या कन्येच्या शुभविवाहाबाबत. संदर्भ, एक, आपणासमवेत झालेली प्रत्यक्ष चर्चा, दोन, साखरपुडा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, सदर विवाह नियोजित मुहूर्तावर बुलढाणा येथे संपन्न करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून उपकृत करावे. खाली चार ओळी हुद्दा.

'टू'च्या ओळीत एकटे व्याही. सीसीच्या ओळीत घरचे सगळे: दोन चुलतभाऊ, पुण्याची मुलगी म्हणजे खुद्द नवरी, आणि जानेफळचा मामा.

हा मामा म्हणजे शेजारच्या वहिनींचा, भाऊसाहेबांच्या बायकोचा, सख्खा भाऊ. वहिनींचे आईवडील कधीच गेले. माहेर म्हणजे हा एकटा दादा आणि त्याची बायको. जन्मभर ग्रामसेवक होता, आता शेती बघतो. वहिनींचं लग्न त्यानेच लावून दिलं होतं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानेच. आमच्या घरच्या लग्नांत अंतरपाट नाही, अक्षतांऐवजी फुलं असतात, मामाला नेमून दिलेली जागाही नाही. पण रुसायचा हक्क मामांनी आमच्याकडेही सोडलेला नाही, म्हणून प्रकरणाचं वजन मला कळलं.

भाऊसाहेबांचा हिशेब साधा होता. 'टू'मध्ये परका माणूस, ज्याची खातिरदारी करायची. घरच्यांना कसली आली औपचारिकता? त्यांना प्रत. पण ग्रामसेवकाने ती ओळ दुसऱ्या बाजूने वाचली होती. तालुक्याहून पत्र यायचं, काम दुसऱ्याला दिलेलं असायचं, आणि सगळ्यात खाली यांचं गाव: प्रत माहितीस्तव. म्हणजे साहेब गावात येणार, मांडव पडणार, हार होणार, खुर्च्या मांडल्या जाणार, आणि ग्रामसेवकाने ते माहीत करून घेऊन बाजूला उभं राहायचं. प्रत ज्याला येते त्याला काम नसतं, एवढं तो माणूस नोकरीत पक्कं शिकला होता. भाचीच्या लग्नात त्याला नुसती माहिती देण्यात आली होती.

त्याने उत्तर दिलं. दोनच शब्द: 'माहिती घेतली.'

आणि ते उत्तर त्याने सगळ्यांना उत्तर देण्याच्या बटणाने दिलं. मुद्दाम दिलं की बोट लागलं, हे आजही कुणी छातीठोक सांगत नाही. ते देऊळगाव राजाला पोचलं. तिथे व्याह्यांनी वाचलं, विहीणबाईंना दाखवलं, आणि विहीणबाईंनी वहिनींना फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमचे दादा नाराज आहेत का हो?"

वहिनींना ईमेलमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण विहिणीच्या तोंडून भावाची नाराजी कळणं म्हणजे काय, ते त्यांना पूर्ण माहीत होतं. त्या दिवशी आमच्या सामाईक भिंतीपलीकडून जे ऐकू आलं, ते ऐकू येऊ नये म्हणून माझ्या बायकोने रेडिओ मोठा केला. मी जाऊन बारीक केला.

"काऊन हो, माह्या भावाले तुम्ही खालच्या ओळीत टाकलं?"

"अगं, खालची-वरची असं काही नसते. ती सोय आहे."

"मंग व्याह्याले काऊन नाही टाकलं सोयीत?"

अव्वल कारकुनाने असे प्रश्न विचारणारे लोक कचेरीच्या खिडकीबाहेर उभे केले होते. घरात खिडकी नव्हती.

"ऐकून घ्या," वहिनींचा आवाज खाली आला, म्हणून जास्त स्पष्ट ऐकू आला. "माहा दादा माह्या पोरीमागं उभा राह्यला नाही, तर मी त्या मांडवात पाय ठेवनार नाही. तुम्ही अन् तुमची सोय लावा लग्न."

भाऊसाहेबांनी मामाला फोन लावला. मामाच्या बायकोने उचलला. "ते वावरात गेले." संध्याकाळी लावला. "आत्ताच गेले." दिवेलागणीला वावरात जाणारा माणूस रुसलेला असतो, हे समजायला शेती करावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब ओट्यावर. डोळ्यांखाली काळं आलेलं. "सर, ते तिसरं काय असते? सीसीच्या खाली?"

मी सांगितलं, बीसीसी. त्यातल्या माणसाला पत्र जातं, पण त्याचं नाव बाकी कुणाला दिसत नाही.

त्यांचे डोळे लकाकले. "गोपनीय!"

"गोपनीय नाही. नुसतं लपलेलं."

"तेच ते. सर, गोपनीय पत्र कोनाले जाते? फक्त साहेबाले. लाखेची मोहोर लावून, हाताहाती. शिपाई दारात उभा राहून सही घेते. ज्याले गोपनीय आलं त्याची मान आख्ख्या कचेरीत वर."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, इथे मोहोर दिसत नाही. नाव दिसत नाही, एवढंच दिसतं." पण तोवर ते उठले होते. एखाद्याला आपल्या खात्यातला शब्द सापडला की त्याला बाकीचं जग ऐकू येत नाही, हे मी पुष्कळ सभांमध्ये पाहिलं आहे.

त्यांनी दुसरं पत्र धाडलं: लग्नाचा कार्यक्रम. हळद कधी, सीमांतपूजन कधी, कोणत्या कामाला कोण. चुलतभावांची नावं ठळक. व्याही वर, चुलतभाऊ सीसीत, आणि मामा सन्मानपूर्वक गोपनीय.

जानेफळला मामाने ते उघडलं. वरची ओळ वाचली, खालची वाचली, कामांची यादी वाचली. स्वतःचं नाव कुठेच सापडलं नाही. मागच्या खेपेला तो निदान तळाशी होता. आता तर पत्रातच नव्हता, आणि तरी पत्र त्याच्यापुढे उघडं होतं. दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका चुकून आपल्या घरी पडल्यासारखं. त्याने तेव्हा पहिल्यांदा फोन केला. भाऊसाहेबांना नाही, बहिणीला. वहिनींनी तो फोन जसाच्या तसा आम्हाला सांगितला, कारण त्यात सांगण्यासारखं फार थोडं होतं.

"बाई, मी त्या कागदात कुठंच नाही."

"दादा, तसं नाही रे..."

"नाही तर नाही. पोरीले माहा आशीर्वाद सांगजो." आणि फोन ठेवून दिला.

आशीर्वाद सांगजो म्हणणारा माणूस येणार नसतो. वहिनी त्या दिवसापासून लग्नाचं काही बोलेनाशा झाल्या. पापड लाटायला बायका आल्या, त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. मुलीचा पुण्याहून फोन आला की भाऊसाहेबांच्या हातात द्यायच्या. भाऊसाहेब मात्र एका कामाला लागले होते. ते शुद्धिपत्रक लिहीत होते. 'यापूर्वीच्या पत्रातील सीसी हा शब्द रद्द समजून त्याऐवजी...' इथवर आलं होतं.

वहिनींनी ते वाचलं. "बंद करा," एवढंच म्हणाल्या. आणि दुपारी स्वतःचा मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, मले एक पत्ता काढून द्या. माहा. त्याईचा नाही."

माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. वहिनींच्या नावावर आजवर रेशनकार्डातली एक ओळ आणि बँकेतलं खातं एवढंच होतं, आणि खात्यातही नाव सासरचं. मी मोबाईल घेतला. नाव विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दोघांनी कधी ऐकलं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"माहं. लग्नाच्या आधीचं."

त्यांच्या लग्नात भाऊसाहेबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून जुनं नाव जानेफळच्या एका घरातच काय ते राहिलं. दादा त्याच नावाने हाक मारतो, किंवा नुसतं बाई म्हणतो. बाकी जगात ते कुणाला माहीत नाही.

मी ते नाव भरलं. यंत्राने सांगितलं, हे आधीच घेतलेलं आहे.

"कोनं घेतलं हो?" वहिनी चिडल्या. "माहं नाव?"

या नावाच्या जगात पुष्कळ बायका असतील, मी म्हणालो. पुढे आकडा टाकू?

"आकडा नको. मी काय गॅसचं सिलिंडर आहे?" त्यांनी थोडा विचार केला. "गावाचं नाव जोडा त्याले."

जोडलं. यंत्राने ताबडतोब मान्य केलं. वहिनी स्क्रीनकडे पाहत राहिल्या. जानेफळची त्या नावाची दुसरी कुणी नव्हती, निदान कॉम्प्युटरकडे तरी नोंदलेली नव्हती. बायको म्हणाली, चहा टाकते. वहिनी म्हणाल्या, आधी लिहू द्या.

त्यांनी एका बोटाने लिहायला घेतलं. मी सांगायला गेलो तर म्हणाल्या, तिकडं पाहा. थोड्या वेळाने त्यांचं फोनशी भांडण सुरू झालं. त्या 'मले' लिहायच्या आणि फोन त्याचं 'मला' करायचा. "हा मले पुण्याचं शिकवून राह्यला," त्या म्हणाल्या आणि परत 'मले' केलं. फोनने परत 'मला' केलं. असं पुष्कळदा झालं. शेवटी फोन हरला.

'टू'च्या ओळीत एकच पत्ता. खाली सीसी नाही, काही नाही. पाठवायच्या आधी त्यांनी मला वाचायला दिलं. शुद्धलेखन तपासायला नाही, जाईल ना हे पाहायला.

"दादा मी लिहून राह्यली. पोरीचं लगन हाय हे तुले मी सांगाले पाह्यजे होतं, दुसऱ्यानं नाही. तू नाही आला तर तिच्या मागं कोनाले उभं करू ते सांग. मले कोनी सुचत नाही. तुह्या भाऊजीवर रुस, माह्यावर नको रुसू. जेवन करून घे."

मी बटण दाबलं. फोनने विचारलं, विषय लिहिलेला नाही, तसंच पाठवायचं?

"विषय त्याले माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

मेल गेली. त्यांना वाटलं, दारातल्या माणसाला हाक मारली की जसा तो वळून पाहतो तसं लगेच उत्तर येईल. त्या चहा पिऊन गेल्या तरी आलं नाही. संध्याकाळी दोनदा विचारून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं नाही, नुसता फोन माझ्यापुढे धरला. मी पाहिलं, काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी धरलाही नाही. मांडववाल्याचा माणूस रंग विचारायला आला होता, त्याला म्हणाल्या, "साहेबाईले इचारा, त्याईचं लग्न आहे."

मला एक शंका आली होती, ती मी भाऊसाहेबांना एकट्याला गाठून सांगितली. नव्या पत्त्यावरून, विषय न लिहिता, परक्या माणसाची मेल आली की यंत्र तिला कचऱ्यात टाकतं. स्पॅम म्हणतात. मामाला दिसलीच नसेल.

भाऊसाहेबांनी हे अवघड जागी दुखणं असल्यासारखं ऐकलं. "म्हणजे तिनं पाठवली ती..."

"तिथेच पडली असेल."

"तिनं जन्मात पहिल्यांदा..." ते म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, आता ते सूचनापत्र काढतील. पण त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. घरात गेले, टोपी घातली, आणि सकाळच्या मेहकर गाडीने निघाले. कागद घेतला नाही, फाईल घेतली नाही. पिशवीत बाटलीभर पाणी आणि वहिनींना न कळता घेतलेले दोन लाडू. मेहकरहून जानेफळ.

तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मामा ओसरीवर बसला होता. त्याने या म्हटलं नाही, पण बसा म्हटलं. पाणी आलं. दोन निवृत्त कर्मचारी समोरासमोर बसले. मग भाऊसाहेब म्हणाले, "दादा, तुमचा मोबाईल द्या जरा."

"काऊन? आणखी एक प्रत धाडली का?"

"मी नाही धाडली."

मामाने मोबाईल दिला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे शिकलेल्या विद्येने स्पॅमचं दार शोधलं. आत मोठी जत्रा भरलेली. मामाला लॉटरी लागली होती, परदेशातली एक विधवा त्याच्याशी सल्लामसलत करू इच्छीत होती, टकलावर केस उगवणार होते, आणि एक बँक विनातारण कर्ज द्यायला अधीर झाली होती. ग्रामसेवकाने आयुष्यात एवढी पत्रं थेट स्वतःच्या नावाने कधी पाहिली नसतील. दोघं एकत्र वाचत खाली गेले. टकलाच्या पत्रावर मामा म्हणाला, "हे तुम्हाले पाठवा लागते," आणि भाऊसाहेबांनी टोपी काढून डोकं दाखवलं. तिथे थोडंसं हसू झालं म्हणे.

त्याच्याच खाली ते नाव होतं.

मामाने मोबाईल स्वतःकडे घेतला. भाऊसाहेब सांगतात, एवढं छोटं पत्र वाचायला त्याला फार वेळ लागला. मध्ये एकदा त्याने विचारलं, "हे नाव तुम्ही घातलं का वर?" भाऊसाहेब म्हणाले, नाही. आणि मला सांगताना पुढे म्हणाले, "सर, मले तं ते आठवतही नव्हतं." मामाने मोबाईल खिशात टाकला, उठला आणि आत जाऊन जेवायला बसला. जाताना यांना म्हणाला, "चला, तुम्हीबी बसा."

त्याच वेळी इकडे वहिनी आमच्या घरी होत्या. बायकोने त्यांना शेंगा फोडायला बसवून घेतलं होतं. फोन वाजला. वहिनींनी नाव पाहिलं आणि लगेच उचलला नाही. मग उचलला.

"हाव, दादा."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू गेलं नाही. वहिनी ऐकत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "जेवलो म्हणते."

आणि लगेच फोनवर सुरू: "काय जेवला? भाकर का पोळी? अन् ते जेवले का? त्याईले तिखट देऊ नको, रात्रभर मले तरास. अन् गोळी घेतली का? नाही नं? मले माहीत होतं. आता ऐक. मांडववाला आला होता, त्याले रंग सांगा लागते. वाजंत्रीवाल्याशी बोला लागते, तो भाव वाढवून राह्यला. हे नाही करत ते काम, हे पत्र लिहितात. तू ये. आता? आता म्हणजे आजच ये. वहिनीले घेऊन ये. नाही, ती मागून आली तरी चालते, तू आधी ये."

शेंगा तशाच राहिल्या. वहिनी घरी पळाल्या आणि तासाभरात मांडववाल्याला परत बोलावणं गेलं.

संध्याकाळी मी काही कारणाने बसस्थानकाच्या बाजूला गेलो होतो. कारण सांगण्यासारखं नाही. मेहकरची गाडी लागली. आधी मामा उतरला, मोकळ्या हातांनी, आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करायला सरळ पुढे गेला. मागून अव्वल कारकून उतरले. त्यांच्या एका हातात मामाची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात मामाची छत्री, आणि ते दाराशी थांबून गाडीत काही राहिलं नाही ना, हे वाकून पाहत होते.